विहिरीचा बोळ : बेळगाव-शहापुरातले चार दिवस

आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत तळाला एक गहाणखत होतं. मोडीतलं, १९३४ सालचं, घड्यांवर फाटत आलेलं. पणजोबांनी सुतासाठी पैसे उचलले होते आणि त्यापोटी राहतं घर गहाण टाकलं होतं. पैसे फिटले म्हणून कागद घरी परत आला, आणि घरी परत आला म्हणून तो माझ्या हाती लागला. आजोबा १९४६ साली बेळगाव सोडून मुंबईला गिरणीत लागले. घर पुढे विकलं गेलं, पण त्यांच्या बोलण्यातून ‘आमचा विहिरीचा बोळ’ शेवटपर्यंत गेला नाही. बोळाच्या तोंडाशी कडुलिंब, मधे विहीर, विहिरीसमोर आपलं दार. ते गेल्यावर मी नकाशे जमवायला लागले. चार वर्षांत बेळगावचा मिळेल तो नकाशा पाहिला. विहिरीचा बोळ कशावरच सापडला नाही.

मेच्या शेवटच्या आठवड्यात रजा टाकली आणि आत्याकडे गेले. आत्या मुंबईत जन्मलेली, पण लग्न होऊन बेळगावात आली त्याला पन्नास वर्षं झाली. आता तिची भाषा पक्की बेळगावी आहे.

गुरुवार

सकाळी टिळकवाडीत पोहोचले. रात्री वळीव पडून गेला होता, अंगणात आंब्याच्या कैऱ्या आणि पानांचा सडा. मुंबईच्या घामातून आलेल्या माणसाला बेळगावची मे महिन्यातली सकाळ फार मोठी देणगी वाटते. आत्याने तांदळाची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वर लोण्याचा गोळा वाढला. जेवायला बेळगाव बासमतीचा भात. कुकरची शिट्टी झाली की शेजारच्यांनाही कळतं आज काय शिजतंय, असा त्याचा वास.

पहिला अर्धा दिवस सार्वजनिक वाचनालयात. १८४८ सालची ही संस्था. जुन्या इमारती, जुन्या गल्ल्या यांच्याविषयी विचारायला आलेल्या माणसाला तिथे अनोळखी वाटत नाही. माझ्याकडे मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बेळगावचा खंड होता, १८८४ सालचा, एकविसावा. इंटरनेटवर तो फुकट वाचता येतो आणि ज्याचं मूळ गाव या भागात आहे त्याने तो वाचावाच. पण त्यात गल्लीबोळांची नावं शोधू नका. गावाचा विस्तार, बाजार, व्यापार, कुठून कुठे माल जायचा, हे त्यातून समजतं.

दुपारी चालायला निघालो. बेळगाव नकाशा हातात घेऊन चालण्यासारखं गाव आहे, कारण इथल्या नावांत जुना नकाशा शिल्लक आहे. काकतीवेस, गोवावेस, बोगारवेस. वेशी कधीच्या गेल्या. बोगारवेशीचा धर्मवीर संभाजी चौक झाला तरी रिक्षावाल्याला ‘बोगारवेस’ म्हटलं की तो बरोबर नेतो. या तीन नावांना तीन ठिपके देऊन रेघ ओढली की जुन्या पेठेची कड कुठून जात असेल याचा अंदाज येतो. तसाच ‘खूट’ हा शब्द. शनिवार खूट, यंदे खूट. पुण्या-मुंबईच्या माणसाला तो समजावून सांगावा लागतो; इथे चार रस्ते मिळतात त्या जागेला खूट म्हणतात. जुन्या कागदात ‘खुटाजवळ’ असं आलं आणि वाचणारा बाहेरचा असेल तर तो खुंटी समजून पुढे जातो. माझ्या कागदाच्या पहिल्या लिप्यंतरात असंच झालं होतं.

जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवायचा तर हलत नाहीत अशा जागा लागतात. किल्ला आहेच, १८१८ मध्ये इंग्रजांनी घेतला तेव्हाचा खंदक आजही दिसतो आणि उपग्रहाच्या चित्रातही त्याची कड स्पष्ट उमटते. किल्ल्यातली कमल बसदी, म्हणजे जैन मंदिर, १२०४ सालची, ती आठशे वर्षं जागची हललेली नाही. कपिलेश्वराचं देऊळ तिसरं. रेल्वेचा रूळ चौथा. असे सहा-सात बिंदू धरून क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणकप्रणालीत नकाशा ताणून बसवला की तो बऱ्यापैकी बसतो. चौकातले पुतळे, पंप, सिनेमागृहं धरू नका, ती सरकतात. आणि एक इंच म्हणजे एक मैल अशा मापाच्या नकाशात बोळ शोधण्यात वेळ घालवू नका. त्या मापात अख्खं जुनं बेळगाव अंगठ्याच्या नखाएवढं येतं. मी त्यात एक वर्ष घालवलं.

आम्ही शोधत होतो कपिलेश्वराच्या आसपास, शहराच्या बाजूला. आजोबांचं एक वाक्य घरात सगळ्यांना पाठ होतं : ‘गावात जायचं तर कपिलेश्वरावरून जायचं.’ त्या भागातले तीन बोळ आत्यासोबत पायी पाहिले. एकातही विहीर नाही, कोणाला आठवतही नाही.

रात्री गच्चीवर आत्या तिच्या बाबांविषयी बोलत बसली. ते रात्री झोपताना उशाला तांब्या ठेवायचे. दसऱ्याला आपट्याची पानं देताना दरवर्षी सांगायचे, ‘आम्ही बेळगावात जायचो सोनं लुटायला.’ धुळवडीला चाळीत सगळी पोरं रंगत असताना ते दार लावून बसायचे आणि मग चार दिवसांनी, चाळ रंग विसरून कामाला लागलेली असताना, पोरांना बोलावून कपाळाला रंग लावायचे. सगळे म्हणायचे, म्हाताऱ्याचं काहीतरी वेगळंच. मी हे वहीत लिहून घेतलं, कारण त्यांच्याविषयीचं काहीही मला लिहून ठेवावंसं वाटतं. त्यात काही खूण आहे हे तेव्हा कळलं नाही.

शुक्रवार

सिटी सर्व्हेच्या कार्यालयात सकाळी साडेदहाला. याआधी एका कार्यालयाकडे मी टपालाने अर्ज केला होता. चार महिन्यांनी भलत्याच भागाच्या शीटची, म्हणजे मोजणी-नकाशाच्या पानाची, नक्कल आली आणि पैसे परत मिळाले नाहीत. त्यामुळे धास्ती होती. पण या खिडकीतल्या गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते कन्नड बोलणारे, मराठी उत्तम समजणारे. अर्ज कन्नडमध्ये लिहिलेला असला की काम सोपं होतं. आमचा अर्ज आत्याच्या शेजारच्या कॉलेजातल्या मुलीने आदल्या रात्री सुंदर अक्षरात लिहून दिला होता. हे सगळ्यांना सांगते : १९५६ च्या आधीचं बहुतेक सगळं मराठी, मोडी किंवा इंग्रजी, त्यानंतरचं कन्नड. दोन्हीकडची माणसं सोबत हवीत.

त्यांनी सीटीएस नंबर, म्हणजे सिटी सर्व्हेतला घराचा नंबर, विचारला. तो आमच्याकडे नव्हता. मग गहाणखत मागितलं. मी लिप्यंतर पुढे केलं.

‘हे नको, मूळ कागद आणलाय काय?’

मूळ कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात होता. वरचा छापील भाग कसरीने खाल्लेला, म्हणून मी तो कधी नीट पाहिलाच नव्हता. माझ्या मोडीच्या जाणकारांनाही मी मजकुराचाच फोटो पाठवला होता. खिडकीतल्या गृहस्थांनी कागद उलटा केला आणि खिडकीच्या उजेडात धरला. मागच्या बाजूला, स्टँप विकणाऱ्याच्या दोन ओळींखाली, चहाच्या डागासारखं दिसणारं एक वर्तुळ होतं. मी ते डागच समजत आले होते. उजेड मागून आल्यावर त्यात अक्षरं उभी राहिली. पहिली दोन गेलेली, मग ‘ली’, आणि खाली ‘संस्थान’.

‘सांगली,’ ते म्हणाले. ‘हे बेळगावचं नव्हेच की. शहापूरचं आहे. शहापूरचं शीट वेगळं.’

आत्याने कपाळावर हात मारला. आजचं शहापूर बेळगावच्या पोटात आहे. बेळगावच्या खडेबाजारातून निघून कपिलेश्वराचा उड्डाणपूल ओलांडला की माणूस शहापुरात असतो, मधे शेत नाही की माळ नाही. पण शहापूर पटवर्धनांच्या सांगली संस्थानात होतं. बेळगाव इंग्रजांचं, शहापूर सांगलीकरांचं, आणि मधे हद्द. ८ मार्च १९४८ ला सांगली मुंबई राज्यात विलीन झालं तेव्हा ती हद्द पुसली गेली. आजोबा त्याआधी दोन वर्षं मुंबईला गेले होते. ते ‘बेळगावात जायचो’ म्हणायचे, ते खरंच दुसऱ्या राज्यात जाणं होतं. बेळगावात राहणारा माणूस ‘बेळगावात जायचो’ कशाला म्हणेल? पन्नास वर्षं ते वाक्य आमच्या कानावर पडत होतं. मी चार वर्षं इंग्रजी अमलातल्या बेळगावचे नकाशे धुंडाळत होते आणि बोळ त्या नकाशांच्या कडेबाहेर होता.

तेव्हा हे पहिलं लक्षात ठेवा : कागदाची मागची बाजू बघा. स्टँप कोणी, कुठे, कोणाला विकला हे तिथे असतं. आणि बेळगाव, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात कुळाचा शोध घेत असाल तर आधी विचारा, ते गाव त्या साली कोणाच्या अमलात होतं. संस्थानी गावं इंग्रजी मुलखात अशी विखुरलेली होती की शेजारच्या दोन गावांची दप्तरं दोन ठिकाणी असू शकतात.

शहापूरच्या जुन्या शीटची नक्कल मिळायला आठवडा लागणार होता, पण समोर बसून पाहायला मिळालं. गहाणखतातल्या चतुःसीमा मी मोठ्याने वाचत होते : ‘पूर्वेस सरकारी बोळ व त्यापलीकडे सामाईक विहीर, उत्तरेस रस्ता.’ लांबी २२ हात, रुंदी ९ हात. हात म्हणजे दीड फूट, म्हणजे ३३ फूट आणि साडेतेरा फूट. शीटवर प्रत्येक घराला नंबर असतो आणि बोळाला नसतो. बोळ म्हणजे नंबरांच्या मधली पांढरी फट. नावाचा तर प्रश्नच नाही. ‘विहिरीचा बोळ’ कुठल्याच नकाशावर का नव्हता, ते त्या पांढऱ्या फटीकडे बघताना समजलं. ते नाव फक्त त्या बोळात राहणाऱ्यांच्या तोंडी होतं. लहान वर्तुळाने दाखवलेल्या विहिरी आणि शेजारी बोळ, अशा तीन जागा सापडल्या. तिन्हींचं टाचण वहीत काढलं, मापं लिहिली.

बाहेर पडलो तर आभाळ काळंभोर. रिक्षात बसेपर्यंत गारा सुरू झाल्या. रिक्षावाल्याने एका दुकानाच्या पत्र्याखाली रिक्षा उभी केली, तिथे अर्धा तास अडकलो. दुकानदाराने आम्हाला आत घेतलं, समोर कुंदा ठेवला. खरपूस, खव्याचा कण दाताखाली येणारा. चांगला कुंदा कोरडा नसतो आणि चमच्याला चिकटतही नाही. फार गोड लागला तर समजा दूध कमी आटवलंय.

शनिवार

चौथा शनिवार, कर्नाटकात सरकारी कार्यालयं बंद. आधी कॅलेंडर बघून या; दुसरा आणि चौथा शनिवार हिशेबात धरू नका. आम्ही आधीच ठरवून हा दिवस आजीच्या माहेरासाठी ठेवला होता.

आजीचं गाव हुक्केरी तालुक्यातलं, घटप्रभेच्या काठचं. हिडकल धरणाच्या पाण्यात गेलं. काकती, वंटमुरीचा घाट, यमकनमर्डी असं करत पोहोचलो. आत्याचे मामेभाऊ, सत्तरी ओलांडलेले, पुनर्वसन झालेल्या वस्तीत राहतात. मी त्यांना काकाच म्हणते. मेअखेर पाणी सर्वांत खाली जातं आणि जुनी गावं वर येतात. हुन्नूरचं विठ्ठल मंदिर असंच बाहेर येतं. वर्षातले बरेच महिने पाण्याखाली असणाऱ्या त्या दगडी देवळाला उन्हाळ्यात माणसं दर्शनाला येतात. भिंतींवर गाळाचा राखाडी थर होता, त्यावर पाणी उतरत गेल्याच्या आडव्या रेघा. खालच्या दगडांना हात लावला तर भर दुपारी गार.

काका तिथून आम्हाला चिखल सुकून भेगाळलेल्या पात्रात घेऊन गेले. माझ्याजवळ गावचा जुना नकाशा होता. गाव-नकाशात शेतं नंबरासकट असतात, ओढे असतात, विहिरी असतात. गावठाण मात्र एक मोकळा ठिपका असतो. घरं, गल्ल्या काही नाही. मी नकाशा उघडला तसे काका म्हणाले, ‘त्यात काय न्हाई. माझ्या मागनं ये.’

ते चालत सुटले. काठी टेकत, मधेच थांबत, पायाने दगड चाचपत. ‘हितं वाडा. हे वळण. हितनं देवळाकडं.’ मला फक्त चिखल दिसत होता. एका जागी त्यांनी काठीने गाळ खरवडला. दोन बोटं खाली घडीव दगड लागला, मधे झिजून बशीसारखा खोलगट झालेला. उंबरा. आजीच्या माहेरचा असेल किंवा शेजारच्यांचा, काकांनी खात्री दिली नाही. आत्या चपला काढून त्यावर उभी राहिली आणि बराच वेळ काही बोलली नाही.

मी फोनवर जागेचे अक्षांश-रेखांश टिपत गेले. काकांनी सांगितलेल्या अकरा जागा, अकरा ठिपके. जूनमध्ये पाऊस लागला की हे सगळं पुन्हा खाली जाणार. ज्यांची गावं धरणात गेली त्यांना कळकळीने सांगते, ज्यांनी ती गल्ली पायाखाली घातली आहे अशा माणसाला घेऊन येत्या उन्हाळ्यातच जा. सकाळी लवकर जा, ओल्या गाळात उतरू नका, तो वरून सुकलेला दिसतो आणि गुडघ्यापर्यंत खेचतो.

दुपारी काकांच्या घरी ज्वारीची भाकरी, भरली वांगी, ठेचा आणि आमरस. जेवताना हेळव्याचा विषय निघाला. या भागात हेळवी सुगीनंतर बैल घेऊन यायचे, दारात उभं राहून घराची कुळी म्हणायचे, नव्या पोरांची नावं वहीत चढवून घ्यायचे आणि धान्य घेऊन पुढे जायचे. काकांकडे अजून येतात. यंदा येऊन गेले. बैलाच्या जागी आता गाडी आहे, वही तीच. गाव बुडालं, घर हललं, तरी हेळवी नव्या वस्तीचा पत्ता काढत आले, हे काकांनी फार मानाने सांगितलं. २०२३ मध्ये महाराष्ट्रात कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली तेव्हा या वह्यांची आठवण सरकारला झाली. कुळाचा शोध घेणाऱ्याने गावात पहिला प्रश्न हाच विचारावा : तुमचे हेळवी कोण, आणि ते कधी येतात? काकांनी आमचा निरोप त्यांच्यासाठी ठेवून घेतला आहे.

रविवार

सकाळी सातला शहापूर. शहापूरच्याही खडेबाजारात दुकानं उघडायची होती, रस्ते झाडून होत होते. वहीत तीन जागा, पिशवीत पन्नास फुटी टेप, पाण्याची बाटली.

पहिली जागा : रस्ता रुंद झाला, विहीर रस्त्याखाली. मोजण्यासारखं काही नाही, पण शीटवर तिथल्या घराची खोली २० फूटच होती, म्हणजे ती आमची नव्हेच. दुसरी जागा : अपार्टमेंट. तळघरात विहिरीचा कठडा ठेवलाय म्हणून राखणदाराने दाखवला. पण तिथे बोळ घराच्या पश्चिमेला येत होता. पणजोबांचा कागद पूर्व म्हणतो.

तिसऱ्या जागेकडे जाताना आवाज आधी आला. यंत्रमागाचा खडखडाट, रविवार असूनही. शहापूर, वडगाव, खासबाग हा सगळा विणकरांचा भाग. त्या आवाजातून आत गेलो तर एका जुन्या घराच्या ओसरीत एक आजी रहाटावर कांड्या भरत बसल्या होत्या. त्यांच्यामागे जमिनीत खड्डामाग, आता बंद. खड्ड्यात जुनी गाठोडी ठेवलेली.

‘काय हुडकालायसा?’

आत्याने सांगितलं. पणजोबांचं नाव सांगितलं. आजींचा हात रहाटावर थांबला. नाव त्यांना ठाऊक नव्हतं, त्या लग्न होऊन आल्या त्याच्या आधीची गोष्ट. पण विहीर म्हटल्यावर त्या उठल्या. ‘आहे की. आत आहे. माझी सासू त्याच पाण्यानं सूत रंगवायची.’

मागे सुताच्या गाठी ठेवायचं गोदाम होतं. दोन्हीकडची घरं एका मालकाने घेतली, नंबर एक झाले, मधली पांढरी फट भिंत घालून आत घेतली गेली. वर पत्रा पडला. बोळ तिथेच होता, फक्त आता ती एक लांबट खोली होती. मालकाने गाठी बाजूला सारायला दोन पोरं लावली, एवढंच नाही तर स्वतः टेपचं टोक धरलं. बोळाच्या पश्चिमेकडच्या घराची रुंदी भिंतीपासून भिंतीपर्यंत १३ फूट ८ इंच. खोली मोजायला ते पुढच्या खोलीत गेले आणि ओरडून सांगितलं, ‘तेहतीसला दोन बोटं कमी!’ नवा गिलावा धरला तर २२ हात पुरे.

मग विहीर. वर लोखंडी झाकण. ते उचललं तसा ओल्या दगडाचा आणि शेवाळाचा वास वर आला. कठडा काळ्या दगडाचा, चौकोनी. आतल्या कडेला दोरीच्या खाचा, एका बाजूला पाच, दुसऱ्या बाजूला तीन. काही इतक्या खोल की माझं करंगळीचं पूर्ण पेर त्यात बसलं. आत्या प्रत्येक खाचेत बोट घालून बघत होती. पोरांपैकी एकाने मोबाइलचा दिवा खाली मारला. पाणी होतं, बरंच खाली, पण होतं.

चहा झाला. बोलता बोलता मी आजोबांचं रंगाचं सांगितलं, धुळवडीला दार लावून बसण्याचं. आजी लगेच म्हणाल्या, ‘मग बरोबरच आहे. बेळगावात धुळवडीला रंग, आमच्या शहापुरात पंचमीला. संस्थानापासनंचं आहे ते. अजून तसंच.’ हद्दीचा दगड कुठे उरला नाही, पण फाल्गुनात कुठल्या दिवशी रंग उडतो त्यावरून ती आजही चालता येते. आजोबा चाळीस वर्षं परळच्या चाळीत शहापूरची पंचमी एकट्याने पाळत होते आणि आम्ही त्यांना विचारलंही नाही. आत्याला तिथे रडू आलं. आजींनी तिला जवळ घेतलं, आपल्या पदराने तिचं तोंड पुसलं.

निघण्याआधी मी फोनवर नकाशा उघडून पांढऱ्या फटीवर नाव लिहिलं, ‘विहिरीचा बोळ’, आणि आजींना दाखवलं. त्यांनी चष्मा काढून घातला, बघितलं, मान हलवली.

‘हे आतल्यांचं नाव. आम्ही रस्त्याकडचे. आम्ही कडूलिंबाचा बोळ म्हणायचो.’

झाड कधी गेलं ते त्यांना आठवत नव्हतं, पण नाव आठवत होतं. आता नकाशावर दोन्ही नावं आहेत, एक खाली एक. शीटची नक्कल पुढच्या आठवड्यात आत्या घेऊन येईल, हेळव्यांचा निरोप काकांकडे आहे, आणि फाल्गुनातल्या पंचमीची रजा मी आत्ताच लिहून ठेवली आहे. आजींना मोठ्या अक्षरांत नकाशाची एक प्रत छापून पाठवायची आहे. त्यांनी बजावून सांगितलंय, विहीर निळ्या रंगाने दाखव.